झिशानची खंडेनवमी

झिशान शेख पुण्यात ओरॅकलचा कोर्स करून दौंडला परतला, तो २००२चा उन्हाळा. त्याला डेटाबेस सांभाळायचा होता; म्हणजे कंपनीची सगळी माहिती ज्या सर्व्हरवर असते त्याची राखण. पण जाईल तिथं एकच प्रश्न, अनुभव किती? चालू डेटाबेस नवख्याच्या हातात कोण देणार, आणि हातात आल्याशिवाय अनुभव कुठून यायचा? पोहता येत नाही तोवर विहिरीत उतरायचं नाही, अशातली गत.

शेवटी शिरूरकडच्या आमच्या कंपनीत चिकटला, गेटपास टाईप करायला. मी तिथंच स्टोअरला. साहेबांनी शब्द दिला होता, "दिवाळीपर्यंत काम बघतो, मग सर्व्हर तुझ्या ताब्यात." त्या शब्दावर पठ्ठ्या कुणी न सांगता रोज संध्याकाळी डेटाबेसची कॉपी टेपवर काढायचा. एसीच्या गारव्याला डबा खायला येणाऱ्यांना सर्व्हररूममधून हाकलायचा. मी त्याला या दर्ग्याचा मुजावर म्हणायचो.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी गावात अवजारं पुजतात, कंपनीत मशिनी. पूजेपुरता मशिनींना विसावा. इलेक्ट्रिशियन मच्छिंद्रमामा ताट घेऊन सर्व्हररूमच्या दारात उभे.

"मामा, याला आधी रीतसर बंद करू द्या. जरा थांबा."

"आरं, नारळ हातात हाय माझ्या! आन् त्याला काय आराम नगं व्हय?"

मामांनी मेन स्विच खाली ओढला. झिशान दारातून बाजूला झाला. नंतर मला म्हणाला, "जास्त ताणलं असतं तर पूजेला आडवा आला म्हणले असते."

मी तेव्हा मामांच्या मागंच उभा होतो. म्हणालो, "आन् मी? मला कोण काय म्हणणार होतं? तरी गप्पच होतो की."

कुंकू लागलं, झेंडू चढला, पेढे वाटले. स्विच वर केल्यावर सगळ्या मशिनी उठल्या, डेटाबेस उठेना. फाईल खराब झालेली. गेटपास निघेनात, गेटवर ट्रक तुंबले. साहेब लालबुंद. "हे काय केलंस?" तेही झिशानलाच.

झिशान कालची टेप घेऊन आत बसला. दुपार कलल्यावर दार उघडलं. डेटाबेस चालू. सकाळच्या नोंदी तेवढ्या गेल्या होत्या, त्या त्यानं कागदांवरून पुन्हा टाईप केल्या.

"बघा, पावला का न्हाई नारळ!" म्हणत मामांनी त्याच्याच तोंडात पेढा कोंबला.

साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, आता दिवाळीची वाट बघायला नको.

"झिशान, हे काम किती जोखमीचं आहे ते आज कळलं. नवख्याचं नाही. पुण्याचा अनुभवी माणूस आणतोय."

"पण सर, चालू तर मीच केला."

"म्हणून तर सांगतोय. तो आला की त्याला सगळं तूच दाखव."

संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये बसलो. झिशान म्हणाला, "हे अनुभवी लोक पहिला अनुभव कुठून आणतात रे?"

मी स्टोअरवाला. माझ्याकडं नट-बोल्ट सोडून काय असणार?