मुंगूसबाईंचं तोंड

सकाळी परसात मुंगूस आलं होतं. आईने लहान मुलांसारखी हाक मारली, "मुंगसा, तोंड दाखव!" तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं आमच्याकडे मानतात. त्याने शेपूट तेवढं दाखवलं आणि ते कुंपणाखाली पसार झालं.

मीही बरीच वर्षं असंच तोंड लपवून जगले. घरात मी मुलगा होते. मोबाइलवरच्या एका साध्या शेतीच्या खेळात मात्र मी मुंगूसबाई झाले. दोन पायांवर चालणारी, झुबकेदार शेपटीची, कानात झुमके. भेंडी लावायची, शेजारच्या सशाकडे चहाला जायचं, बस्स. तिथे मला बाई असल्याचा पुरावा कुणी मागितला नाही. पुढे मी तिची चित्रं काढायला लागले, हौसेखातर, जलरंगात. तिला साडी नेसवताना माझेच खांदे सैल व्हायचे. गेल्या आठवड्यात एक चित्र आईपुढे ठेवून म्हटलं, "आई, ही मी आहे." आईने ते उचलून फ्रिजवर लावलं.

आज मी झुमके घातले, कुर्ता घातला आणि पहिल्यांदाच तशी घराबाहेर पडायला निघाले. फाटकाशी पोचले तोच मागून आईची हाक आली.

"अहो मुंगूसबाई, तोंड दाखवा की!"

मी वळले. आईने डोळे भरून पाहिलं.

"चला," ती म्हणाली, "आजचा दिवस चांगला जाणार."