समोरची मेस

समोरच्या घरावर फ्लेक्स चढत होता तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ तेच घर दिसतं. आधी शिडी दिसली, मग शिडीवरचा माणूस, मग फ्लेक्स उलगडला आणि अक्षरं दिसली: घरगुती जेवण, फक्त मुलींसाठी. तेवढ्यात फोडणीतला लसूण जळला. त्या दिवशीचं वरण मुलींनी मुकाट्यानं खाल्लं.

ते शब्द माझ्याच पाटीवरचे होते. नालवाडीत खोल्या करून राहणाऱ्या, वर्ध्याच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलींना मी कितीतरी वर्षांपासून जेवू घालते आहे. आमचे हे एका कचेरीत कारकून आहेत. घर त्यांच्या पगारावर चालतं असं ते म्हणतात, आणि मी म्हणू देते. पण मेस माझी आहे. लग्नानंतर बरीच वर्षं कुणी विचारलं, 'तुम्ही काय करता?' तर मी म्हणायची, 'काही नाही.' मेस सुरू झाली आणि ते 'काही नाही' बंद झालं. लग्नाकार्यात बायका मला ओळखू लागल्या, पाटवड्यांचा रस्सा कसा करता म्हणून विचारू लागल्या. फ्लेक्स पाहिला आणि वाटलं, आता पुन्हा 'काही नाही' म्हणायची पाळी येणार.

मी मुळात भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या पाठीमागे जन्मापासून आहे. पाल चुकचुकली तरी मी दोन दिवस फोनची वाट बघते. पण या वेळी राक्षस खरा होता, आणि त्याच्या पोटाशी ठळक लाल अक्षरांत महिन्याचा भाव लिहिला होता. माझ्यापेक्षा शंभर रुपयांनी कमी.

संध्याकाळच्या पंगतीत कॉमर्सची एक मुलगी होती. जेवताना पुस्तक उघडायचं नाही असा माझा नियम आहे, पण परीक्षा तोंडावर असल्या की नियम मोडतात. ती डाव्या हातात पुस्तक धरून अर्थशास्त्राचा धडा मोठ्यानं वाचत होती. एकाच वस्तूचे पुष्कळ विक्रेते असले, नव्यांना बाजारात यायला मोकळीक असली, की भाव खाली खाली येतो, पार खर्चाला टेकेपर्यंत. ज्यांचा खर्चही निघत नाही ते बाजारातून बाहेर पडतात. आणि हे सगळं आपोआप होतं, कुणाला काही करावं लागत नाही.

मी हातात पोळ्यांची टोपली घेऊन उभीच राहिले. विचारलं, "बाहेर पडतात म्हणजे? कुठी जातात मंग?"

तिनं पान उलटलं, पुन्हा मागे आली. "ते नाई दिलं काकू इथं."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि आत आले. पुढच्या पोळीचा नकाशा झाला.

दुसऱ्या दिवशी मी पाटीवरचा भाव पुसला आणि समोरच्या बाईच्या भावाहून पन्नासनं कमी लिहिला. हे म्हणाले, "अवं, थांब ना जरा. तिचं जेवण कसं आहे ते त पाहू दे पोरींना." पण थांबणं हे धीराच्या माणसाचं काम. माझ्यानं थांबवत नाही.

आणि मग जे झालं ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला हिंगणीहून एका मुलीचे वडील आले. शेतकरी माणूस, दर महिन्याला स्वतः येतात, लेकीला डोळ्यांनी बघतात, मला पैसे देतात आणि पुढच्या बसनं परत जातात. त्यांनी पाटी वाचली, टोपी काढून पुन्हा वाचली.

"भाव काऊन उतरवला जी बाई? तेल बदललं काय?"

"नाई हो भाऊ. तेच तेल आहे. सगळं तेच आहे."

"मंग आतापर्यंत जास्त काऊन घेत होत्या?"

खरंच, काय सांगणार? माल तोच असेल तर आजवर मी त्यांना लुटलं होतं, आणि लुटलं नसेल तर आता वरणात पाणी वाढवलं होतं. तिसरी गोष्ट, म्हणजे मी घाबरले होते, ही कुणी आपण होऊन सांगतं का? त्यांनी पैसे दिले, चहा घेतला, पण त्यांची नजर माझ्या तेलाच्या पिंपावर गेलेली मी पाहिली. पुढच्या महिन्यापासून त्यांची लेक समोर जेवायला जाऊ लागली. भाव कमी केला म्हणून गिऱ्हाईक गेलं, ही अक्कल मला कोणत्या दुकानात विकत मिळाली असती?

समोरचीनंही भाव उतरवला. मी परत उतरवला. ती परत. तिच्याशी माझं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. ती कोण, कुठली, हे मला ठाऊक नव्हतं. वयानं माझ्याहून लहान, वेणी घालते आणि अंगणात सडा टाकताना माझ्या घराकडे पाठ करते, एवढंच. आमचं सगळं बोलणं पाट्यांवर चालायचं. संध्याकाळी दारात मुलींच्या चपला पडू लागल्या की मी पाणी ठेवायच्या निमित्तानं बाहेर यायची. ओळखीची एखादी निळी किंवा सोनेरी पट्ट्याची चप्पल दिसली नाही की मी समोरच्या दारातल्या चपलांत ती शोधायची. ती मुलगी नुसती तापानं खोलीत पडलेली असायची. मग मला तिच्या तापाचा आनंद व्हायचा, आणि त्याचीही लाज वाटायची.

उतरलेल्या भावात जेवण तेच ठेवायचं तर कुठेतरी हात आखडायलाच हवा होता. तेलाला, डाळीला हात लावायची माझी छाती नव्हती. हिंगणीच्या भाऊंची नजर अजून त्या पिंपावरच होती. राहिली भाजी. सकाळची ताजी भाजी आणते हे मी मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं. आता मी दिवेलागणीला जाऊ लागले. त्या वेळी बाजार उतरतो. भाजीवाल्यांना घरचे वेध लागलेले असतात, आणि उरलेला माल परत नेण्यापेक्षा ते मिळेल त्या भावात देऊन टाकतात. कुणी ओळखू नये म्हणून मी, गाडीवरच्या पोरी बांधतात तसा, तोंडाला डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधला. या वयात. ह्यांनी पाहिलं असतं तर वर्षभर हसले असते.

एका म्हातारीकडे वांग्यांचा शेवटचा ढीग होता. देठ सुकलेले, पण वांगी आतून चांगली. तिनं पोतं झटकून घडी घालायला घेतलं होतं.

"घेऊन टाका बाई सगळे. पन्नास द्या, मले गाडी पकडाची आहे."

"चाळीस," मी म्हणाले.

तेवढ्यात बाजूला दुसरी एक बाई येऊन टेकली. तिच्याही तोंडाला स्कार्फ. "मी पन्नास देते. भरा."

"पंचावन्न," मी म्हणाले.

"साठ."

म्हातारीनं पोतं खाली ठेवलं आणि पुन्हा बैठक मारली. तिला आता कुठलीच गाडी पकडायची नव्हती. मी सत्तर म्हणाले, पलीकडून ऐंशी आलं. सुकलेल्या वांग्यांना सकाळच्या ताज्या वांग्यांच्या वर भाव आम्ही दोघींनी मिळून चढवला, आणि मला एवढंच दिसत होतं की ही वांगी गेली तर उद्या सकाळी ताटात काय वाढू. मी शंभर म्हणाले तेव्हा ती बाई थांबली आणि माझ्याकडे वळून बघू लागली. मग तिनं स्कार्फ हनुवटीखाली ओढला. मला वेणी दिसली.

"तुमी... समोरच्या ताई काय?"

चोरी करताना पकडावं तसं झालं. मग ध्यानात आलं, ती तरी इथं कशाला आली होती?

"काऊन थांबल्या?" म्हातारी म्हणाली. "बोला ना."

आम्ही ढीग अर्धा अर्धा घेतला. शंभरला पन्नास-पन्नास. म्हातारीनं एक रुपया सोडला नाही, आणि का सोडावा? भाव तिनं कुठं लावला होता?

कोथिंबिरीच्या गाड्यापाशी आम्ही दोघी पिशव्या धरून उभ्या राहिलो. आधी तीच म्हणाली, "ताई, मले तुमचं लय भेव वाटते. सकाळी उठली की पयले तुमची पाटी पाह्यते, मंग चूल."

"आणि मी तुमची," मी म्हणाले.

"तुमचं बरं आहे, तुमचं घरचं घर आहे. माह्यं भाड्याचं आहे. तुमी उतरवलं त तुमचं थोडंसं जाते. माह्यं त भाडंच अटकते."

हे ऐकलं आणि मला आतून हलकं वाटलं. म्हणजे ही माझ्याआधी मोडेल. आजही मला तो क्षण आठवतो. समोर एक बाई घाबरून आपलं दुखणं सांगते आहे आणि माझा श्वास मोकळा होतो आहे. लगेच दुसरी भीती वाटली, की हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं तर नाही ना. मी घाईघाईनं म्हणाले, "आपण असं करू. दोघीही आपापल्या जुन्या भावाला परत जाऊ. कोणीच उतरवाचं नाई." ती चटकन हो म्हणाली. सांबाराची एक जुडी तिनं माझ्या पिशवीत टाकली आणि स्कार्फ बांधून निघून गेली. कोथिंबिरीला आम्ही इकडे सांबारच म्हणतो.

माझ्या भीतीला वाटलं होतं तसं उत्तर काही मिळालं नाही. उलट आता रोज नवी शंका. तिनं शब्द मोडला तर? एखाद्या मुलीला गुपचूप कमी भावात घेतलं तर? पाटीवर एक आणि तोंडी एक असलं तर? मी देवाला हात जोडायच्या आधी खिडकीतून फ्लेक्स बघायची. तिनं शब्द पाळला. मी पाळला तो चांगुलपणानं की भीतीनं, हे मला सांगता येणार नाही, आणि तिचंही तसंच असावं.

मग उन्हाळा आला. परीक्षा संपल्या, मुली गावी गेल्या. मुली नाहीत तर पैसे नाहीत, पण माझा गॅसही बंद, किराणाही बंद. मी पापड-कुरडया केल्या, दुपारी कूलरपुढे पडून राहिले. समोर मात्र पंगत उठली तरी भाडं उठलं नव्हतं. ते मुलींबरोबर गावी जात नाही. मला हे दिसत होतं. मी खिडकीत उभी राहून पाहत होते आणि काही बोलत नव्हते, कारण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? सुट्ट्या संपायच्या सुमारास एक दिवस फ्लेक्स नव्हता. भिंतीवर नुसते तारेचे तुकडे लोंबत होते.

कॉलेजं उघडली. माझ्या मुली आल्या, तिच्याही माझ्याकडे आल्या. हिंगणीचे भाऊ लेकीला घेऊन परत आले आणि दारातच म्हणाले, "आता त तुमचंच राज्य, बाई. भाव वाढवाल काय?" बोलण्यात हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. माझ्याकडे कुणी इतक्या धास्तीनं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, नाही वाढवणार. ह्यांनी जेवताना हळूच म्हटलं, "वाढवला तरी कुठी जातीन पोरी?" मी त्यांच्या पानात वांग्याची भाजी वाढली. हाच हिशोब मीही मनातल्या मनात करून ठेवला होता.

मुली इतक्या झाल्या की पोळ्यांना माझे दोन हात पुरेनात. आधी ऐन परीक्षेच्या दिवसांत मी एक बाई लावायची, ती आता लेकीकडे आर्वीला राहायला गेलेली. कुणीतरी बघायला हवं, हे मी दोघी-तिघींना बोलून ठेवलं होतं. एका सकाळी फाटक वाजलं. समोरची उभी होती. वेणी तशीच, साडी धुतलेली.

"ताई, पोळ्या लाटाले कोणी पायजेन काय?"

"पायजेन त आहे," मी म्हणाले. मग तो प्रश्न विचारला, जो विचारायचाच असतो. "काय घ्याल?"

"तुमी द्याल ते."

त्याच क्षणी माझ्या जिभेवर एक आकडा आला. आधीच्या बाईला मी जे द्यायची त्याच्या निम्माही नव्हता. मी काही हिशोब मांडला नव्हता, विचारही केला नव्हता. तिला दुसरीकडे जायला जागा नाही हे मला माहीत होतं, आणि आकडा आपोआप आला, त्या पोरीच्या पुस्तकात लिहिलं होतं तसा. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्या फ्लेक्सकडे बघायची, अगदी तसंच.

मी आधीच्या बाईचाच आकडा सांगितला. "चालते," ती म्हणाली. ती इतक्या लवकर म्हणाली की मला कळलं, निम्मा सांगितला असता तरी ती हेच आणि एवढ्याच लवकर म्हणाली असती. तिनं चपला काढल्या, मुलींच्या चपलांच्या कडेला नीट ठेवल्या आणि पदर खोचून आत गेली.

आता रोज सकाळी ती पोळ्या लाटते आणि मी खिडकीशी उभी राहून फोडणी देते. समोरच्या भिंतीवर तारेचे तुकडे अजून आहेत. तिकडे बघून मला आता भीती वाटत नाही. भीती वाटते ती त्या आकड्याची. मी तो सांगितला नाही, पण तो कुठं गेलेला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात मुली गावी गेल्या की ती मला विचारणार आहे, 'आता मी काय करू?'