सास्तूरच्या भिंतीवरची चांदणी

मराठवाड्यातल्या सास्तूरहून फोन आला तेव्हा मी ठाण्यात एस्तेर मावशीकडेच होते. तिथल्या महिला मंडळाच्या खोलीला नवा रंग द्यायचा होता, आणि त्याआधी बाईंनी, म्हणजे मावशीने, एकदा येऊन जावं असं बायकांचं म्हणणं होतं. मावशी निवृत्त नर्स, ऐंशीकडे झुकलेली. गुडघे नको म्हणत होते, तरी निघाली. शनिवार आमचा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी प्रवास नाही. म्हणून सूर्यास्तानंतर रात्रीची गाडी पकडली.

तुम्हाला जायचं असेल तर सोलापूरला उतरून उमरग्याची एसटी धरा. पुढे शेअर जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. तेवढ्या वेळात भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरम सुशीला खाऊन घ्या. स्वस्त आहे आणि पोटाला आधार होतो.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मावशी सुट्टी काढून सास्तूरला गेली ती दोन पावसाळे परतलीच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तिने बाळंतपणं केली. तिच्या गळ्यात सहा टोकांचा दाविदाचा तारा असायचा, आम्हा बेने इस्रायली ज्यूंची खूण. वाचता न येणाऱ्या बायकांना शेड सापडावी म्हणून गावातल्याच कुणीतरी तो पत्र्यावर रंगवला. मावशीची चांदणीबाई झाली. पुढे शेडच्या जागी महिला मंडळाची पक्की खोली झाली, तेव्हा चांदणी भिंतीवर आली.

आम्ही पोचलो तेव्हा खोलीसमोर बायका जमल्या होत्या. भाकरी, शेंगाचटणी, गव्हाची खीर असं जेवण झालं. मग ग्रामपंचायतीचा एक तरुण सदस्य, सचिन, अवघडून बोलायला लागला. ही खूण एका देशाच्या झेंड्यावर आहे, रोज बातम्यांत युद्ध दिसतंय, उद्या कुणी फोटो काढून काहीबाही पसरवलं तर? त्यापेक्षा रंगाच्या निमित्ताने काढून टाकलेली बरी. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच काळजी होती.

मावशी शांतपणे म्हणाली, "पुसा. माझ्यामुळे गावात भांडण नको."

मग गंगाबाई उठल्या. साठीच्या. त्यांनी आपल्या लेकीला हाताला धरून पुढे आणलं.

"ही त्या शेडात जन्मली. पाऊस लई होता, मला अक्षर येत न्हवतं. चांदणी बघून म्या तिथं पोचले. त्या देशाचं त्यो देश बघंल. ही आमच्या बाईची खूण हाय. पुसायची न्हाय."

बाकीच्या बायका गंगाबाईंच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. सचिनने चांदणीखालच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. मग म्हणाला, राहू दे, पण खाली बाईंचं नाव लिहू, म्हणजे कुणाचा गैरसमज होणार नाही. मावशीने नावाला नकार दिला. त्या खोलीत अजूनही गरोदर बायकांची तपासणी होते. तेवढंच लिहा, म्हणाली. रंगाऱ्याने तसंच लिहिलं. चांदणीची शेवटची रेघ मावशीने ओढली. मी आयुष्यात ही खूण सिनेगॉगच्या आत पाहिली होती, झेंड्यावर पाहिली होती, थडग्यांवर पाहिली होती. रस्त्याच्या धुळीत, भर उन्हात, सगळ्या गावाची म्हणून पाहिली ती पहिल्यांदाच.

पुढच्या शनिवारी सिनेगॉगबाहेर कुणीतरी मावशीला विचारलं, इतक्या लांब मराठवाड्यात गेला होतात, तिकडे आपलं कोण आहे?

चपला घालता घालता मावशी म्हणाली, "गाव आहे."