आज माझ्या मेथीचा वाणवळा गेला

बायांनो, आज मी लई खुश हाय!

आमच्या औशाकडं दुष्काळात विहीर आटली, तवा जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्याच्या नाल्याचं पाणी रानाला दिलं, आन् मातीत शिसं उतरलं. तवापासून शेजारी नवी भाजी पाठवायचा माझा वाणवळा बंद.

शेती खात्याच्या मॅडमनी साखर कारखान्याची मळी, म्हंजी उसाचा रस गाळून उरलेला गाळ, रानात घालायला लावली. मी म्हनलं, "घाणीवर घाण?" त्या हसल्या, "आजी, मळी शिसं मातीतच धरून ठेवते, भाजीत चढू देत नाही."

आज सुनेनं मेथीच्या तपासणीचा रिपोर्ट वाचून दाखवला. भाजी खायाजोगी झाली!

पहिली जुडी शेजारच्या सरूबाईला नेली. ती खोडीची, म्हनली, "आधी तू खा." मी दारातच कच्ची पानं चावली. तवा तिनं पदर पसरला, "दे गं, भाकर टाकते, जेवूनच जा."

तुमचा पहिला वाणवळा कुणाच्या घरी जातो?