गाठोड्याचं नाव आधी

माझी नणंद डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. तपासणीत डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो निघतात, ते साठत जातात आणि यंत्राचं पोट भरतं. मग ती जुन्या फायली एकत्र बांधते, दाबून लहान करते आणि वेगळ्या डिस्कवर ठेवते. डॉक्टरांनी मागितल्या की पुन्हा उलगडून देते. हे सगळं काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. दवाखान्यात तिला गाठोडेबाई म्हणतात.

"म्हणेनात का," ती म्हणते. "तुम्ही रजया दाबून पेटीत भरता, वहिनी, मी डोळे भरते."

घरी ती कमी बोलते. जेवताना ताटातलं शेवटचं शीत संपेपर्यंत मान वर करत नाही. कामात तिची एक सवय आहे: गाठोडं बांधलं की मूळ फायली लगेच पुसायच्या नाहीत. आत काय काय गेलं ते आधी पडद्यावर मागवायचं, डोळ्यांखालून घालायचं, मगच पुसायचं. आमच्या ह्यांनी एकदा चिडवलं, "तुझा स्वतःच्या हातावर भरवसा नाही की काय?"

"हातावर आहे, दादा. घाईवर नाही."

आणि नेमकी घाईच नडली. त्या दुपारी नव्या फोटोंना जागा उरली नव्हती आणि बाहेर पेशंट ताटकळले होते. आज्ञेत आधी गाठोड्याचं नाव लिहायचं, मग आत भरायच्या फायली. ती नाव लिहायला विसरली आणि "सगळ्या" एवढंच सांगून मोकळी झाली. यंत्राला काय, त्याने रांगेतली पहिली फाईल हेच गाठोड्याचं नाव समजलं आणि तिच्यातला फोटो पुसून त्या जागी बाकीचं सगळं बांधून टाकलं. म्हणजे बाकीचे पेशंट आत सुखरूप, आणि ज्याच्या नावाचं गाठोडं, तोच आत नाही.

सवयीप्रमाणे तिने यादी मागवली तेव्हा हे कळलं. पहिली फाईल एका शिंप्याची होती, सगळ्यांत जुन्या पेशंटची. डोळ्याच्या पडद्यावरची सूज वाढली की नाही हे त्या जुन्या फोटोशी ताडून डॉक्टर दुसऱ्या दिवशी ठरवणार होते. वाढली असेल तर ऑपरेशन, नसेल तर नुसते थेंब. त्या फोटोची दुसरी प्रत दवाखान्यात कुठेच नव्हती.

ऑफिसातला हेडक्लार्क म्हणाला, "यंत्र बिघडलं म्हणून सांग. यंत्र काय उलटून बोलतंय?"

"यंत्राने मी सांगितलं तेच केलंय," ती म्हणाली आणि जाऊन डॉक्टरांना सांगून आली. डॉक्टर रागावले नाहीत, पण जुना फोटो नसेल तर आता एक काढून, तीन महिने थांबून पुन्हा काढून ताडावा लागेल म्हणाले, आणि तोवर डोळा थांबेल असं नाही.

संध्याकाळी ती शिंप्याच्या दुकानात गेली. मी ब्लाउज आणायला निघालेच होते, तिच्याबरोबरच गेले. वाटेत मी मनातल्या मनात जप करत होते.

शिंप्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "माझा डोळा तुमच्याकडे हरवला होय! बरं झालं, मला वाटलं माझ्याकडेच अधू झालाय."

"काका, पहिल्या तपासणीला तुम्हाला कागदावर छापून दिला होता फोटो. जपून ठेवलाय का?"

"जपून म्हणजे... कामाला लावलाय." त्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून मापांचे पुठ्ठे काढले आणि त्यातून एक गुळगुळीत कागद ओढला. कॉलरच्या आकारात कापलेला. "चांगला जाड होता हो. एवढा जाड कागद बाजारात कुठे मिळतो?"

फोटोच्या कडा गेल्या होत्या. मधला गोल, जिथे सूज असते तो भाग, खडूच्या पांढऱ्या धुळीखाली शाबूत होता. नणंदेने पदराने हलकेच पुसला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती कॉलर दिव्यासमोर धरली, शेजारी नवा फोटो लावला आणि बराच वेळ पाहिलं. सूज वाढली होती, थोडी, पण वाढली होती. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. शिंपी आता सुई स्वतः ओवतो, मात्र एक डोळा मिटून.

पट्टी सुटल्यावर तो दवाखान्यात आला तो थेट गाठोडेबाईकडे. तिला वाटलं, आभार मानायला आला असेल.

"बाई, ती कॉलर परत द्या," तो म्हणाला. "दोन शर्ट अडलेत."

तिने कॉलरचा फोटो काढून ठेवलाच होता. मूळ कागद त्याच्या हातात दिला, खुर्ची पुढे ओढली आणि गाठोड्याचं नाव आधी टाइप केलं.