मोशीची डावीकडं, तळवड्याची उजवीकडं

आमच्या ह्यांनी मला दुकान घेऊन दिलं, आणि त्यामुळे एका दिवसात बावीस माणसांच्या विजारी बदलल्या.

गोष्ट सत्तर-बहात्तर सालची. भोसरीला कंपनीच्या भिंतीलगत, चाकणकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक कडुलिंब होता. त्याखाली माझं शिलाई मशीन. उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, बुडावरचं ठिगळ, कामगारांच्या खाकी कपड्यांचं सगळं मी करायची. समोर वाहता रस्ता. कुरुळीचे सायकलवाले दिसले की समजायचं, आता भोंगा होणार. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक फिसकटली, सगळं बसल्या जागी कळायचं. (वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, पण गरज कुणाला होती!)

वाचता येत नव्हतं म्हणून कपड्यांना नावाच्या चिठ्ठ्याही नव्हत्या. अक्षरं मी फार पुढं शिकले, मुलीच्या पाटीवर. मग सगळे खाकी कपडे ओळखायचे कसे? तर माझी एक पद्धत होती. विजार शिवून झाली की तिची गुंडाळी करायची, चिंधीनं बांधायची आणि दोरीला अडकवायची. मोशी-कुरुळीची माणसं डावीकडं जाणारी, त्यांची डाव्या दोरीला. चिंचवड-तळवड्याची उजव्या. गाव जितकं लांब तितकी गुंडाळी दोरीवर लांब. शिफ्ट सुटली की माणसं सायकलवरून उतरायचीसुद्धा नाहीत. जाता जाता आपली गुंडाळी ओढायची, "येतो वैनी!" म्हणायची, की गेली. सात वर्षांत एकही चूक नाही!

आणि मग त्याच कंपनीत कामाला असलेले आमचे हे चार्जमन झाले, म्हणजे कामगारांवरचे मुकादम.

"अगं, आता तू रस्त्यावर बसायचं नाही."

"का? रस्ता बंद होणारय?"

"चार्जमनची बायको झाडाखाली बसते! लोक काय म्हणतील?"

"लोक तिथंच तर बसतात माझ्याजवळ. काय म्हणायचंय ते म्हणतातच."

पण ऐकतील ते आमचे हे कसले! लिंबापासून वीस पावलांवर एक गाळा भाड्यानं घेतला. "दुकानात बसायचं, नाहीतर मशीन विकून टाकतो," म्हणाले. झालं! नारळ फोडला, पंखा लावला, दोन्ही भिंतींना दोऱ्यासुद्धा स्वतः बांधल्या. मशीन मात्र उलटं लावलं. माझं तोंड भिंतीकडं, पाठ रस्त्याला.

"येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत बसतेस, म्हणून काम रेंगाळतं तुझं," हे म्हणाले.

आता खरं सांगते, त्या भिंतीसमोर माझे पायच चालेनात. कॅलेंडरवरची लक्ष्मी माझ्याकडं बघतेय, मी लक्ष्मीकडं. तिची म्हैस व्यायचीय की लग्न मोडलंय, काही सांगेल तर शपथ! मागून सायकलच्या घंट्या ऐकू यायच्या आणि मी मान वळवायची. दोनदा सुई बोटात गेली. कसंबसं सगळं शिवलं, गुंडाळ्या केल्या आणि सवयीनं अडकवल्या. मोशीच्या डावीकडं, तळवड्याच्या उजवीकडं.

(तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं!)

मी तोंड फिरवून बसले, पण मोशी कुठं फिरली? ती जिथल्या तिथंच! शिफ्ट सुटली, माणसं गाळ्याच्या दारात आली, आपापल्या गावाच्या बाजूची दोरी चाचपली, गुंडाळी ओढली, "येतो वैनी!" आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला आला मोशीचा नामदेव. माणूस बुटका, आणि विजार जमिनीवरून फरफटतेय.

"वैनी, ही प्यांट माजी न्हाई! चार घड्या मारल्या तरी सायकलच्या चेनीत गेली. दोनदा आपटलो म्या!"

"अहो भावजी, मग घातलीत कशाला?"

"दुसरी वाळत हाय. आन् खाकीबिगर वाचमन आत घेतोय व्हय?"

हे माझ्या शेजारीच उभे. कपाळाला आठ्या. तेवढ्यात दारात चिंचवडचे फोरमनसाहेब. म्हणजे ह्यांचे साहेब! सहा फूट माणूस, आणि विजार गुडघ्याच्या जरा खाली येऊन थकलेली. हातात डबा, चेहरा अगदी गंभीर. ह्यांनी सवयीनं "नमस्कार साहेब" केला. मग नजर खाली गेली, आणि तिथंच राहिली.

"साहेब, ही आमच्या नामदेवाची," मी म्हटलं.

"असेल," साहेब म्हणाले. "कालपर्यंत असं होत नव्हतं, बाई."

मागं आणखी वीस जण. कुणाची कमरेला सुतळीनं आवळलेली, कुणाची वरचं बटण सोडून दिलेली. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरंच वाटलं. मी लगेच सगळा दोष गाळ्यावर ढकलला.

"दुकानात बसवलं की असंच व्हायचं. रस्ता दिसला नाही तर मला माणूस ओळखू येत नाही, साहेब!"

साहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं. "बाईंना उद्यापासून त्या झाडाखाली बसवा."

"पण साहेब, मी आता चार्जमन आहे..."

"आणि मी फोरमन आहे. माझ्या पोटऱ्या बघा."

ह्यांनी बघितल्या. दुसऱ्या दिवशी मशीन स्वतः डोक्यावर घेऊन लिंबाखाली आणलं. आणि मी बोलत सुटले! दिवसभर, येईल त्याला. समोर रस्ता, डावीकडं मोशी, उजवीकडं तळवडे. जग कसं पुन्हा जागच्या जागी! साहेब विजारीच्या पायाची उसवलेली मोरी, म्हणजे खालची कड, शिवून घ्यायला आले, तेव्हा तर माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना.

"बघा साहेब, इथं बसलं की हात आपोआप चालतो. रस्त्यावर माझी चूक होणं शक्यच नाही," असं म्हणत मी शेवटचा टाका मारला, दोरा तोडला आणि ऐटीत विजार साहेबांच्या हातात दिली.

साहेब निघाले, आणि त्यांच्यामागोमाग मीही निघाले. विजारीच्या मोरीत माझा पदर शिवला होता!

भर रस्ता, नुकतीच सुटलेली शिफ्ट, पुढं साहेब, मागं मी, आणि बाजूला सायकली थांबवून उभी असलेली दोन्हीकडची गावं. त्या एका घटकेला मात्र मला दुकान पाहिजे होतं.