लाल पेनानं शुद्ध केलेली वही

येलदरी धरणाच्या पाण्याकाठच्या त्या गावाला आता ‘कवीचं गाव’ म्हणतात. तशी पाटीच लावलीय आमच्या सेलूच्या साहित्य मंडळानं. कवी जिवंत होता तेव्हा सेलूला आला तर त्याला कुणी चहाला विचारत नव्हतं. गेल्यावर त्याच्या दोन कविता कुठंशा छापून आल्या आणि आम्हाला असा उमाळा आला की थेट सहलच काढली, जेवणासकट.

मला जाणं भागच होतं. बाकीच्या सगळ्या कविता असलेली त्याची एकुलती एक वही त्यानं माझ्याकडं प्रस्तावनेसाठी दिली होती आणि ती सहा वर्षं माझ्या कपाटात पडून होती. ती त्याच्या बायकोला गुपचूप द्यायची आणि मोकळं व्हायचं, एवढाच माझा वाङ्मयीन हेतू. प्रस्तावनेची ओळही लिहिली नव्हती. मराठीचा मास्तर मी, लाल पेन घेऊन भाषा तेवढी शुद्ध करून ठेवली होती.

पोचल्या पोचल्या अध्यक्षांनी आम्हाला ‘काव्यवाटे’वर चालवलं. म्हणजे काठानं बाभळींतून जाणारी पायवाट. ते मधेच थांबायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे. “इथंच सुचायचं त्यांना,” म्हणाले. कवीची बायको मागून येत होती. ती सहज बोलली, “परसाकडं जायची वाट हाय ही, साहेब. लय आत जाऊ नका.” अध्यक्षांना श्वास अर्ध्यात सोडावा लागला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

जेवणं चालू असताना मी तिला बाजूला गाठून वही दिली. तिनं पदराला हात पुसले, वही कपाळाला लावली आणि अक्षर जुळवत वाचू लागली, “मी पाण्याकडे पाहत आहे...” आणि थांबली.

“असं कुटं बोलत होते ते?” मग वहीकडं न बघताच म्हणाली, “पाण्याकडं बघायलोय, पाणी बघंना माज्याकडं. असं हाय ते.”

मी पान जवळ घेतलं. त्याचं मूळ अक्षर मी इतकं गिरवून खोडलं होतं की मलाच लागेना. लाज वाटली. तरी सवयीनं बोलून गेलो, “ते अशुद्ध होतं ना, म्हणून.”

ती पानं उलटत राहिली. सगळीकडं लालच लाल.

“मला ही एकच पाठ हाय, गुरुजी,” ती म्हणाली. “बाकीच्या कुटं गेल्या?”